जावयाच्या अंगावरचे खड्डे

३ ऑगस्ट, रविवार

ठमे,

पत्राची सुरुवात कशी करतात तेच विसरलो. शेवटचं पत्र तुला लिहिलं ते तू हॉस्टेलवर होतीस तेव्हा, आणि त्यातही "पंखा दुरुस्त करून घे" एवढंच होतं, असं तुझी आई म्हणते. माझा फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मला दोन वाक्यांपुढे जमणार नाही. तू दर बुधवारी आईशी बोलतेस तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर धरून बसलेला असतो. पेपर उलटा आहे की सुलटा, देव जाणे.

कागद बघून हसू नकोस. जुन्या बॅच-कार्डांची मागची बाजू आहे. तू आमच्या कारखान्यात नोकरीला असताना स्क्रीन बसवल्यास, तेव्हापासून ही कार्डं कुणी भरत नाही, कपाटात गठ्ठेच्या गठ्ठे पडलेत. मी खण आवरायला घेतलाय, त्यात हेही सापडले. तीस सप्टेंबरला मी निवृत्त होतोय. चौतीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलो. गुडघे माझ्या आधीच निवृत्त झालेत.

आता मुद्द्याचं. तुला नवी नोकरी मिळतेय असं आईकडून कळलं. कारखान्यांच्या स्क्रीनचंच काम, आणि या वेळी तुझ्या हाताखाली माणसं. त्या कंपनीचं आमच्या साहेबांना पत्र आलंय. चांगलं लिहिलंय तुझ्याबद्दल, फक्त एक गोष्ट विचारली आहे. दोन वर्षांपूर्वी आमची पोलादी पिन वाकून जो अपघात झाला, एका माणसाला थोडंफार लागलं, तो तुझ्या प्रोग्रॅममधल्या दोषामुळे झाला हे खरं का? उत्तर सप्टेंबरअखेर हवंय. त्यावरच त्यांचं ठरणार.

साहेबांनी ते पत्र माझ्या हातात दिलं. "तुम्ही त्या वेळी होतात, तुम्हीच मसुदा करा, मी सही करतो." मसुदा काय करायचा! चौकशीच्या अहवालात दोन ओळी आहेत, त्या उतरवून काढायच्या. पाच मिनिटांचं काम आहे. पण जिवावर आलंय.

तब्येत सांभाळ.
बाबा


१० ऑगस्ट, रविवार

ठमे,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. आई म्हणाली, "पत्र मिळालं एवढं सांगितलं तिने." म्हणजे फाडलं तरी नाहीस. चला, तेवढं पुष्कळ आहे.

मसुदा करायला बसलो की मला पार पहिल्या भांडणापासून आठवायला लागतं. तुला सगळं पाठ आहे, पण क्रमाने लिहिल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही. तेव्हा जरा सहन कर.

आपल्याकडे दोन भट्ट्या. पहिलीत पिना लाल होईस्तोवर तापवायच्या आणि तेलात बुडवायच्या. तेलातून निघालेली पिन नुसती कडक असते, काचेसारखी. तिला लगेच दुसऱ्या भट्टीत हळूहळू शेकून जरा माणसात आणावं लागतं. उशीर झाला तर बसल्या जागी तडकते. हे मी तुला तू सातवीत असताना सांगितलं होतं, तर तू म्हणालीस, "म्हणजे आईसारखी." आईने दोन दिवस आपल्या दोघांशी अबोला धरला होता.

तुझी पहिली स्क्रीन मला अजून डोळ्यांपुढे दिसते. भट्टी किती तापली, माल कुठे आहे, किती वेळ झाला, एवढंच दाखवायची. खाली एक रिकामा चौकोन, वर लिहिलेलं, "आज काय झालं?" त्यात कामगारांपैकी कुणीही लिहावं. एकदा लिहिलं की कुणालाही पुसता येणार नाही, साहेबांनासुद्धा. आणि कुणी वाचलं ते खाली आपोआप उमटणार. भट्टीवाल्या मामांनी पहिल्याच दिवशी लिहिलं, "दोन नंबरची भट्टी आज रुसली आहे." बैठकीत सगळे खो खो हसले. मीही हसलो. तुझा चेहरा पडलेला मी पाहिला होता.

कुलूप मी मागितलं. तुला वाटत असेल साहेबांनी मागितलं, तर तसं नाही. दर घाणाला... म्हणजे बॅचला, एक पिन कडकपणाच्या यंत्रावर तपासायची आणि मगच माल दुसऱ्या भट्टीत सोडायचा, असा नियम होता. कोण तपासतंय! मी ओरडायचो, लोक "हो हो" म्हणायचे. तीस वर्षं ‘नाही’ म्हणून म्हणून माझा घसा बसला होता. म्हटलं, आता मशीनने म्हणावं ‘नाही’. आकडा बरोबर आल्याशिवाय भट्टीचं दारच उघडू नये. मग मी वाईट नाही आणि कटकटही नाही.

तू ओट्याला टेकून उभी होतीस. म्हणालीस, "बाबा, स्क्रीनने काय चाललंय ते दाखवावं. ती हुकूम सोडायला लागली की लोक तिला हवं तेच दाखवतील. मग तुम्हाला खरं कधी दिसणारच नाही."

मी म्हणालो, "चार पुस्तकं शिकलीस म्हणून मला भट्टी शिकवू नकोस." आणि साहेबांना असं काही पटवलं की तुला कुलूप करून द्यावंच लागलं. तो चौकोनही काढून टाकायला लावला मी. तू मान खाली घालून "काढते" म्हणालीस.

दमलो. हात दुखतो आता लिहून.

बाबा


२४ ऑगस्ट, रविवार

ठमे,

मधला रविवार चुकवला. कारण काही नाही, लिहायचं होतं ते लिहवत नव्हतं. आई म्हणते, "तिचं बरोबर होतं एवढं म्हणायला जीभ झडणार आहे का तुमची?" तिला मध्ये पडू नकोस म्हटलं, तर म्हणाली, "मी चौतीस वर्षं मध्येच आहे."

कुलूप लागलं आणि पहिले पंधरा दिवस मी मिशीतल्या मिशीत हसत होतो. मग एक दिवस पिनेखाली जरा कचरा राहिला आणि आकडा कमी आला. झालं! दार बंद. उघडायची परवानगी फक्त साहेबांकडे, आणि साहेब बैठकीत. पाऊण तास झाला. मामा लांब चिमटा हातात घेऊन मालाशेजारी उभे. "फोरमन, माल ओरडतोय," म्हणाले. खरंच टिक टिक आवाज यायला लागला होता. तेलातून काढलेल्या तीनशे पिना डोळ्यांदेखत तडकायला निघालेल्या, आणि दाराला हात लावायची सोय नाही.

माझ्या खिशात आदल्या दिवशीची एक चांगली पिन होती. ती यंत्रावर ठेवली, सुई दाबली. आकडा आला अठ्ठावन्न. स्क्रीन हिरवी झाली, दार उघडलं, माल वाचला. मामांनी हात जोडले.

तू म्हणशील, ही गोष्ट मला का सांगितली नाहीत? तुझ्याकडे आलो असतो तर तू म्हणाली असतीस, मी सांगितलं नव्हतं का. ते ऐकायची माझी तयारी नव्हती. बस, इतकंच कारण.

ती पिन मी फडक्यात गुंडाळून माझ्या खणात ठेवली. काम अडलं की मानाने बाहेर काढायची, काम झालं की पुसून परत गुंडाळून ठेवायची. स्वतः मात्र कुठल्या मशीनमध्ये काडीचं काम करायची नाही. म्हणून मामांनी तिचं नाव ठेवलं जावई. "फोरमन, दार बसलंय, जावयांना बोलवा." आम्ही पोट धरून हसायचो. सुई दाबली की पिनेवर मोहरीएवढा खड्डा पडतो, तुला माहीत आहे. बघता बघता जावई देवी आल्यासारखा दिसायला लागला.

पहिल्यांदा लावला तो माल वाचवायला. दुसऱ्यांदाही. पुढे पुढे खरी पिन घासून, पुसून तपासायला दहा मिनिटं कशाला घालवा, असं व्हायला लागलं. मामा कधी लावायचे, कधी दुसऱ्या पाळीचे लोक. खणाला मी कुलूप कधीच लावलं नाही.

बाबा


७ सप्टेंबर, रविवार

ठमे,

आता त्या दिवसाचं लिहितो. एका दमात लिहितो, नाहीतर राहून जाईल.

पहिल्या भट्टीची तापवणारी एक कॉइल सकाळीच गेली होती. आम्हाला पत्ता नव्हता, तापमानाचा काटा जिथे आहे तिथली बाजू ठीक होती. पण मामांना काटा लागत नाही. त्यांनी दार उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "फोरमन, रंग उतरलाय. माल नरम राहील. थांबा."

गाडी दारात उभी होती. दोन दिवस उशीर झालेला माल होता तो. साहेबांचा तीनदा फोन येऊन गेला होता. मी म्हणालो, "मामा, रंगबिंग राहू दे. जावई लावा आणि सोडा."

मामांनी हात मागे घेतले. मग मीच खण उघडला आणि मीच लावला. कुलपाने त्या दिवशी माल अडवला असता, ठमे. अशाच दिवसासाठी तर मी ते मागितलं होतं.

त्या पिना मालाच्या लिफ्टला लागल्या. तीन आठवड्यांनी एक वाकली आणि पाळणा खाली आला. पहिल्या पत्रात मी "थोडंफार लागलं" असं लिहिलंय. थोडंफार नाही. एका हमालाच्या पायाची तीन बोटं गेली. मी त्याला भेटून आलो होतो, हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही. फळं घेऊन गेलो. त्याने विचारलं, "आपण कोण?" मी म्हणालो, "कारखान्यातून आलोय." त्याने बायकोला हाक मारून माझ्यासाठी चहा करायला सांगितला, आणि मी तो प्यायलो.

चौकशीला बाहेरून तज्ज्ञ आले. त्यांनी तुझ्या प्रोग्रॅममधले आकडे काढले तर अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न. खऱ्या पिनांचे आकडे असे एकसारखे येतच नाहीत. तज्ज्ञ म्हणाले, प्रोग्रॅम अडकलाय, जुनाच आकडा पुन्हा पुन्हा दाखवतोय. मला विचारलं. मी म्हणालो, "आम्ही स्क्रीन पाहतो. स्क्रीन हिरवी होती." यात एक शब्द खोटा नाही बघ. मला फार हुशारी वाटली होती त्या वाक्याची.

तुला विचारलं, तर तू टेबलाकडे बघत म्हणालीस, "माझं काही म्हणणं नाही." आणि शुक्रवारी राजीनामा देऊन गेलीस. मला वाटलं, तुलाही प्रोग्रॅमच चुकला असंच वाटतंय. लाज वाटते लिहायला, पण मला हायसं वाटलं होतं. पोरीला ठाऊक नाही, बरं झालं. दोन वर्षं मी त्यावर काढली.

आता ठाऊक झालं तुला. त्या कंपनीला खरं लिहायचं मी ठरवलंय. मामांचंही नाव यात निघेल, म्हणून आधी त्यांना विचारतो.

बाबा


२० सप्टेंबर, शनिवार

ठमे,

काल मामांना सांगितलं की मी सगळं लिहून देणार आहे. ते हात पुसत म्हणाले, "तुम्ही काय नवीन लिहिणार? मी त्याच दिवशी लिहिलंय."

"कुठे?"

"पोरीच्या चौकोनात."

मी म्हटलं, चौकोन कधीच काढला. मामा मला स्क्रीनपाशी घेऊन गेले. उजव्या कोपऱ्यात, खाली, एक टिंब आहे. मी ते रोज पाहत होतो आणि काचेवरचा डाग समजत होतो. मामांनी बोट दाबलं आणि चौकोन उघडला. तू तो काढलाच नव्हतास, लहान करून ठेवला होतास, आणि फक्त मामांना सांगून ठेवलं होतंस. दीड वर्षं ते लिहीत होते त्यात. दोन नंबरची भट्टी रुसली. तेल घट्ट झालंय, कुणी ऐकत नाही. आज फोरमनचे गुडघे दुखत आहेत, चिडतील. असं सगळं.

मग त्या दिवसाची नोंद आली. "भट्टीचा रंग उतरलेला. फोरमनला सांगितलं. जावई लावून माल सोडला. मला पटलेलं नाही."

त्याखाली उमटलं होतं, वाचलं. पुढे तुझं नाव. चौकशीच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं.

मी तिथेच स्टुलावर बसलो. मामांनी पाणी आणून दिलं. म्हणजे तू बैठकीत आलीस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. एक टिंब दाबून सगळ्यांना दाखवलं असतंस तर संपलं होतं. मी ते स्क्रीन हिरवी असल्याचं वाक्य बोललो तेव्हा तू माझ्याकडे पाहत होतीस, मी पुढे काय बोलतो म्हणून. आणि मी पाण्याचा ग्लास उचलला.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती, तशीच चिरत राहिली. म्हणाली, "मला ठाऊक आहे. बाबांनी एकदा आपणहून बोलावं म्हणून पोरगी दोन वर्षं वाट बघतेय."

"मग मला सांगायचं नाही का?"

"मी सांगून बोलला असतात तर ते आपणहून झालं असतं का?"

मला खूप रडायला आलं, ठमे. भाजीवर, सुरीवर, कशावर तरी चिडायचं म्हणून चिडलो, पण रडलोच.

सोमवारी मी साहेबांकडे जातोय. सही दिली तर ठीक, नाही दिली तर तुझा चौकोन आहेच. मामा म्हणतात, तुझं खातं अजून चालू आहे. इथे कुणी काही बंद करत नाही, एका भट्टीच्या दाराशिवाय. वाटलं तर बघ.

बाबा


२३ सप्टेंबर, मंगळवार

ठमे,

साहेब म्हणाले, "जाता जाता हे काय उकरून काढलंत? फाइल बंद झालीय." मी म्हटलं, माझी मुलगी अजून त्या फाइलीत आहे. ते म्हणाले, असल्या कागदावर मी सही करणार नाही. मी म्हटलं, नका करू.

खाली येऊन चौकोन उघडला. दोन बोटांनी टाइप केलं, पाऊण तास लागला. तुझा चौकोन चार ओळींपुढे घेत नाही, हे तेव्हा कळलं. मी आधी बरंच लिहिलं होतं, गाडी दारात उभी होती, साहेबांचे फोन, गुडघे, सगळं. मावेना. एकेक काढत गेलो तर एवढं उरलं:

"अठ्ठावन्न हा आकडा प्रोग्रॅमचा नाही, आमचा. एकच चांगली पिन खणात ठेवून एकशे बारा वेळा दाबली. पहिल्यांदा मी दाबली आणि त्या दिवशीही मीच. मामा थांबा म्हणाले होते. प्रोग्रॅममध्ये दोष नव्हता. फोरमन."

एकशे बारा हे मी जावयाच्या अंगावरचे खड्डे मोजून लिहिलंय. त्या पानाच्या तीन प्रती काढल्या. एक त्या कंपनीला माझ्या नावाने रजिस्टर पोस्टाने पाठवली. एक साहेबांच्या टेबलावर ठेवली. एक त्या हमालाला स्वतः नेऊन दिली. त्याने दोनदा वाचली आणि घडी करून उशीखाली ठेवली. या वेळी चहा केला नाही. बरोबरच आहे त्याचं.

निरोपसमारंभ रद्द झालाय. माझा हार वाचला म्हणायचा. दोन-तीन जण माझ्याशी बोलत नाहीत, त्यांना वाटतं आता त्यांनाही बोलावणं येईल. मामा मात्र डबा घेऊन नेहमीसारखे शेजारी बसले. म्हणाले, "चार ओळींत तुम्ही आटपलंत, हेच मला खरं वाटत नाही."

बाबा


३० सप्टेंबर, मंगळवार

ठमे,

हे पत्र खालीच बसून लिहितोय, भट्टीजवळच्या स्टुलावर. थोड्या वेळाने ओळखपत्र जमा करायचं आहे.

सकाळी आल्या आल्या टिंब दाबलं. आठ दिवस रोज दाबतोय, लपवून काय करू. माझ्या चार ओळींखाली आज उमटलं होतं, वाचलं. पुढे तुझं नाव. आणि त्याखाली तू लिहिलेली एक ओळ. दोन वर्षांत तू मला म्हटलेलं पहिलं वाक्य.

"बाबा, अठ्ठावन्नच्या नोंदी एकशे तेरा आहेत."

मी म्हटलं, शक्यच नाही. मी स्वतः मोजलेत. खणातून जावई काढला, फडकं सोडलं, चष्मा लावून पुन्हा मोजलं. एकशे बारा. मामांनी मोजलं, एकशे बारा. "प्रोग्रॅम चुकला असेल," मामा म्हणाले आणि त्यांनी स्वतःच जीभ चावली. मग त्यांनी कुठून तरी भिंग आणलं. आम्ही दोघं खिडकीपाशी गेलो आणि एकेक खड्ड्यावर टाचणी टेकवत गेलो. कडेला एक खड्डा जरा लांबट दिसतो. भिंगातून पाहिलं तर तिथे दोन आहेत. एकावर एक बसलेत.

एकशे तेरा. तुझं बरोबर आहे, ठमे. तेव्हाही होतं.

बाबा